बांधलेल्या इंजिनाची ध्वनिमीमांसा

जुन्या मोटारीचे इंजिन पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून आणि पुन्हा बांधून झाल्यावर त्यातून जो आवाज येतो, त्याचा विचार दोन अंगांनी करावा लागतो : एक, तो कोठून येतो, आणि दोन, तो आताच का ऐकू येतो. पहिला प्रश्न यंत्रशास्त्राचा असून धीर धरल्यास त्याचे उत्तर मिळते. दुसरा मालकाच्या अंतःकरणाचा असून त्याकडे गॅरेजवाल्यांनी आजवर अक्षम्य दुर्लक्ष केलेले आहे. वास्तविक इंजिन खोलण्यापूर्वीही गाडी आवाज करीतच होती, आणि तोही इतका की, ती गल्लीच्या तोंडाशी आल्याचे कळून घरात चहाचे आधण ठेवले जाई. परंतु त्या आवाजाला वयाची सवलत होती. काम पुरे होऊन मेस्त्रींच्या हाती नोटांचे पुडके पडले की त्या क्षणापासून ती सवलत रद्द होते आणि गाडीला प्रत्येक टकटकीचा हिशेब द्यावा लागतो. खर्चापूर्वीचा खडखडाट हा गाडीचा स्वभाव मानला जातो, खर्चानंतरची टिकटिक हा विश्वासघात.

‘व्हिंटेज’ हे बिरुद कोणत्या गाडीला लावावे याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडातील जाणकार १९३० अखेरपर्यंत तयार झालेल्या मोटारींनाच हा मान देतात आणि त्यापुढच्या गाड्यांना नुसत्या जुन्या समजतात. भारत सरकारने मात्र २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत भर घालून, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या आणि मूळ रूपात मोठा फेरफार न झालेल्या वाहनाला व्हिंटेज ठरविले, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क ठेवले आणि नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे बहाल केली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या कितीतरी गाड्या, म्हणजे पन्नासच्या दशकातील ‘डुक्कर फियाट’, १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाईट आणि १९७४ मध्ये पद्मिनी या नावाने बारसे झालेली तिचीच पुढची आवृत्ती, या व्याख्येमुळे भंगाराच्या रांगेतून उठून वारशाच्या पंगतीला येऊन बसल्या. याच नियमात अशी गाडी रस्त्यावर आणण्याची कारणेही नेमून दिलेली आहेत : प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल. नियम लिहिणाऱ्याने स्वतः एखादे इंजिन बांधून घेतले असावे असा संशय येथे येतो. कारण ‘जरा आवाज ऐकून येतो’ असे सांगून रात्री साडेदहाला गाडी बाहेर काढणारा मालक कायद्याच्या भाषेत तांत्रिक संशोधन करीत असतो, आणि तीच गाडी दोरीने ओढून घरी आणणे हे देखभालीत मोडते.

प्रस्तुत विवेचनासाठी डिलाईट-पद्मिनी घराण्याचे इंजिन सोयीचे आहे, कारण ते महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या गॅरेजांनी कधी ना कधी उघडलेले आहे. त्यात चार सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आतल्या पिस्टनचा वरखाली प्रवास ७५ मिलिमीटर आणि एकूण क्षमता १०८९ घन सेंटिमीटर असते. ‘फुल इंजिन काम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधीत इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे हे सिलिंडर ज्यात कोरलेले असतात तो बिडाचा ठोकळा, लेथवाल्याकडे जातो. तेथे झिजून लंबगोल झालेली भोके बोअर करून पुन्हा गोल केली जातात आणि त्यांच्या वाढलेल्या मापाचे पिस्टन व रिंगा आणल्या जातात. पिस्टनच्या वरखाली होण्याचे चाकांना हव्या असलेल्या फिरण्यात रूपांतर करणारा जो वाकडातिकडा दांडा, म्हणजे क्रँक, तो घासून गुळगुळीत केला की बारीक होतो, सबब त्याला धरणाऱ्या बेअरिंगा तेवढ्याच जाड घ्याव्या लागतात. व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोलमिश्रित हवा आत घेणारी आणि जळलेला वायू बाहेर सोडणारी झाकणे, आपापल्या बैठकीवर घासून बसविली जातात. अशा रीतीने जोडलेल्या इंजिनात कोणताही भाग शेजारच्या भागाला पूर्वी भेटलेला नसतो, आणि दोघांमध्ये मिलिमीटरच्या शतांशांत मोजावे असे अंतर ठेवावे लागते. त्या अंतरात तेलाचा पापुद्रा राहतो आणि इंजिनाचे सारे आयुष्य त्या पापुद्र्यावर तरंगते. अंतर कमी पडले तर भाग एकमेकांना चिकटतात, जास्त झाले तर वाजतात; मालकाला मात्र चिकटणेही नको असते आणि वाजणेही नको असते, आणि त्याची तक्रार मुळात या शतांशांविरुद्ध असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे मालकाची साक्ष, आणि प्रकरण बहुधा याच पायरीवर घसरते. ‘मेस्त्री, आवाज येतोय,’ असे मालक म्हणतो. ‘कुठून येतोय, साहेब?’ असे विचारल्यावर ‘पुढून’ असे उत्तर मिळते, आणि पुढे इंजिनच असल्यामुळे तपासाचे क्षेत्र काही कमी होत नाही. मग मालक तोंडाने आवाज काढून दाखवू लागतो. या कामी मराठीत सोय चांगली आहे : सैल पत्र्याचा खुळखुळाट, बेल्टची चीं, व्हॉल्व्ह हलविणाऱ्या टॅपेटची टिकटिक, गिअरबॉक्सची घरघर, बेअरिंगची ठकठक आणि क्रँकच्या मुख्य बेअरिंगची धडधड असा खोलीप्रमाणे आणि खर्चाप्रमाणे चढत जाणारा क्रम गॅरेजात सर्वमान्य आहे. अडचण एवढीच की, ज्याने पैसे दिलेले असतात त्याला नेहमी ठकठक ऐकू येते आणि ज्याने घेतलेले असतात त्याला टिकटिक. दोघेही प्रामाणिक असतात. एकाच बॉनेटवर ओणवे होऊन एकाच आवाजाची दोन सुशिक्षित माणसांनी इतकी भिन्न नक्कल करावी, हे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याचा साक्षीपुराव्याच्या कायद्यावरचा विश्वास उडाल्याशिवाय राहत नाही.

घरी येणारा आवाज गॅरेजात नेल्यावर येत नाही, ही तक्रार सार्वत्रिक असून तिच्यावरून मालकांना विनाकारण हिणविले जाते. वस्तुतः तिला भौतिकशास्त्राचा भक्कम आधार आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो आणि सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. इंजिन गार असताना पिस्टन आणि भिंत यांच्यातले अंतर मोठे असते, त्यामुळे स्फोटाच्या धक्क्याने पिस्टन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूवर आपटतो व पोकळ टकटक होते; यालाच पिस्टन स्लॅप म्हणतात. इंजिन तापले की पिस्टन फुगतो, अंतर भरून निघते आणि आवाज विरतो. याचा अर्थ असा की, मालक ज्या रस्त्याने गाडी दाखवायला नेतो त्याच रस्त्यावर पुरावा नष्ट होत जातो, आणि गॅरेज जितके नावाजलेले व म्हणून जितके लांब, तितका तो अधिक खात्रीने नष्ट होतो. खरा उपाय म्हणजे मेस्त्रींनी सकाळी सहाला मालकाच्या घरी येऊन रात्रभर गार पडलेले इंजिन आपल्या समोर सुरू करवून घेणे; परंतु सकाळी सहाला येणारा मेस्त्री ही कल्पना पिस्टन स्लॅपपेक्षाही लवकर विरणारी आहे.

साक्ष बाजूला ठेवून प्रमाणांकडे वळावे लागते. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गौतमाच्या सूत्रांत मोटारीचा उल्लेख नसला तरी गॅरेजचा सारा व्यवहार या चारांवरच चालतो, आणि गॅरेजने काही बाबतींत शास्त्राला मागेही टाकले आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, एवढ्यावर नैयायिकांचे समाधान झाले. गॅरेजात धुराचा रंग पाहिल्यावाचून अनुमान पुढे सरकत नाही, कारण काळा धूर जास्त पेट्रोलचा, निळा धूर जळणाऱ्या तेलाचा आणि थांबता न थांबणारा पांढरा धूर सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याचा असतो, व अग्नी तिन्ही ठिकाणी सारखाच असतो.

प्रत्यक्षाचे साधन म्हणजे लांब पेचकस. पॅरिसच्या रुग्णालयात १८१६ मध्ये लेनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला, ही हकीकत सर्वज्ञात आहे. पेचकसाने इंजिन ऐकण्याची युक्ती प्रथम कोणाला सुचली याची नोंद मात्र वैद्यकाइतक्या आदराने कोणी ठेवलेली नाही. पद्धत अशी की, हातभर पेचकसाचे टोक इंजिनाच्या ज्या भागावर संशय असेल तेथे टेकवायचे आणि मूठ कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यावर दाबून धरायची. इंजिन चालू असते, पुढे पंखा फिरत असतो, आणि शर्टाची बाही सैल असेल किंवा गळ्यात साखळी असेल तर संशोधन अकस्मात आटोपण्याची भीती असते. मेस्त्री डोळे मिटतात. टोक टॅपेटच्या झाकणावर पहिल्या सिलिंडरपाशी, मग दुसऱ्यापाशी असे सरकत जाते. मग ते पेट्रोलपंपावर, टायमिंग चेनच्या पत्र्यावर आणि शेवटी वाकून खाली चेंबरवर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पात्रावर येते. या वेळी मेस्त्रींच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नाही, आणि त्या काहीही न दिसण्याचा अर्थ लावण्यात मालकाची अर्धी सकाळ जाते. यातली खरी अडचण अशी की, लोखंडातून आवाज हवेपेक्षा दहापटींहून अधिक वेगाने पळतो आणि सारा ब्लॉक एकसंध असल्यामुळे एका कोपऱ्यातली ठकठक सर्व कोपऱ्यांत हजेरी लावते. पेचकसाने आवाज ‘आहे की नाही’ हे ऐकायचे नसून ‘कोठे जास्त तीक्ष्ण आहे’ हे ऐकायचे असते. पेचकस मालकाच्या हाती दिला तर त्याला प्रत्येक जागी मृत्यूची चाहूल लागते, आणि ती चुकीची नसते. धडधाकट इंजिनही पेचकसातून भयानकच ऐकू येते.

अनुमानाची गाडी एका सोप्या हिशेबावर चालते, आणि हा हिशेब इतका उपयोगी आहे की त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिण्यास हरकत नाही. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, एक फेरा होतो. यामुळे इंजिनाच्या वरच्या मजल्यावरचे आवाज, उदाहरणार्थ टॅपेट, व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि कॅमच्याच धक्क्याने चालणारा पेट्रोलपंप, यांचा ठेका इंजिनाच्या निम्म्या गतीचा असतो, तर खालच्या मजल्यावर, क्रँकशी ज्यांचा थेट संबंध आहे त्यांचा ठेका पूर्ण गतीचा. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी मंद चालत असेल तर एका टॅपेटचे ठोके सेकंदाला साताच्या आत पडतात आणि क्रँकबरोबर वाजणाऱ्या वस्तूचे तेराच्या वर. सेकंदाला सात की तेरा हे नुसत्या कानाने मोजणारा माणूस एक तर तबलजी असला पाहिजे किंवा थापाड्या. म्हणून टायमिंग लाइट वापरतात. पहिल्या सिलिंडरच्या प्लगची ठिणगी पडली की हा दिवा लुकलुकतो, आणि ती ठिणगी दोन फेऱ्यांत एकदाच पडत असल्यामुळे, एका लुकलुकीला एक ठोका ऐकू आला तर दोष वर आणि दोन आले तर खाली, असा निवाडा होतो. वर म्हणजे पाना आणि अर्धा तास. खाली म्हणजे इंजिन पुन्हा उतरविणे. मालकाने दिव्याकडे लावलेल्या डोळ्यांत जी आर्जवे असतात ती देवळाच्या गाभाऱ्यातही क्वचितच पाहायला मिळतात.

तर्कशास्त्रात अन्वय-व्यतिरेक नावाची कसोटी आहे : कारण असता कार्य असते आणि कारण नसता कार्य नसते, हे दोन्ही दिसले म्हणजे संबंध सिद्ध होतो. गॅरेजात ही कसोटी प्लगच्या वायरी एकेक काढून लावली जाते. एका सिलिंडरची वायर काढली की त्यात स्फोट होत नाही, त्या पिस्टनवरचा दाब नाहीसा होतो, आणि त्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची खालची बेअरिंग, जिला बिग एंड म्हणतात, ती ढिली असेल तर तिची ठकठक एकदम मवाळ होते. टॅपेटचा आवाज असेल तर मात्र काहीच फरक पडत नाही, कारण स्फोट होवो न होवो, व्हॉल्व्हला आपली पाळी चुकवता येत नाही. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी आडवी पिन, जिला गॅरेजात गजन पिन म्हणतात, ती सैल असेल तर अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा कडक आवाज लागोपाठ दोनदा येतो. कसोटी तर्काला धरून असली तरी अमलात आणताना तिला दोन विघ्ने येतात. एक तर त्या वायरीत काही हजार व्होल्ट खेळत असतात आणि वायर धरणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडणारा उद्गार नेमक्या ऐकण्याच्या क्षणी इंजिनावर मात करतो. दुसरे असे की, तीन सिलिंडरांवर चालणारे इंजिन इतके थरथरते की दिवे, दारे, बंपर आणि नंबरपाटी हे सारे आपापली गाऱ्हाणी एकदम मांडू लागतात.

उपमान म्हणजे सादृश्यावरून मिळणारे ज्ञान. गवय गाईसारखा असतो असे ऐकलेला मनुष्य रानात गेल्यावर गवय ओळखतो, हे त्याचे शास्त्रातील उदाहरण. गॅरेजातील उदाहरण ‘मागच्या पावसाळ्यात एका अँबेसेडरला अगदी असाच आवाज होता’ असे सुरू होते आणि त्या अँबेसेडरच्या मालकाने पुढे गाडी विकली येथे संपते. शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य, विश्वासू व्यक्तीचे वचन. आणि जुन्या गाडीचे बॉनेट सोसायटीच्या आवारात उघडे दिसताच आप्तांचा तुटवडा पडत नाही. रविवारी सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतणारे आजोबा, वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते, ज्यांच्याकडे १९७८ साली पद्मिनी होती असे काका आणि ज्याच्याकडे कधीच गाडी नव्हती असा एक चिकित्सक तरुण, हे सर्व अर्धवर्तुळात उभे राहतात. या मंडळींच्या निदानात एक नियमितता आढळते : प्रत्येकाला तोच रोग ऐकू येतो जो त्याच्या स्वतःच्या गाडीला होऊन गेलेला असतो. ‘काका, इंजिन आताच बांधलंय,’ असे मालकाने नम्रपणे सांगितले की ‘म्हणूनच,’ असे उत्तर येते, आणि या एका शब्दाला खोडून काढील असा युक्तिवाद मराठीत तरी उपलब्ध नाही. उंटावरच्या शहाण्यांची थोरवी ही की ते निदान उंटावर असतात; हे खाली उतरून कार्बुरेटरचा स्क्रू थोडा फिरवून पाहतात.

या साऱ्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडते की, बांधलेल्या इंजिनातून येणारा आवाज बहुधा इंजिनाच्या पोटातला नसतोच. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्यांचा जो गुच्छ सिलिंडर हेडला लावलेला असतो, त्याची पॅकिंग नीट बसली नसेल तर प्रत्येक वेळी गरम वायू फटीतून सटकतो आणि हुबेहूब टॅपेटची टिकटिक करतो. इंजिन तापून फट मिटली की आवाजही मिटतो, त्यामुळे मालक पिस्टन स्लॅपचा संशय घेऊन बसतो. पाण्याच्या पंपाची किंवा डायनामोची बेअरिंग घरघरत असेल तर फॅनबेल्ट काढून इंजिन मिनिटभर चालविले की उलगडा होतो, मात्र मिनिटभरच, कारण तेवढा वेळ इंजिनाला थंड करणारे कोणीही कामावर नसते. जॅक चुकीच्या जागी लावल्याने चेंबरला पोचा पडलेला असला तर आत फिरणारा क्रँक त्या पोच्याला निसटता घासून असा काही आवाज करतो की ऐकणाऱ्याने इंजिनाची आशा सोडावी. फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरील जड चक्राच्या, समोर जो पातळ पत्रा लावतात, त्याचा एक बोल्ट सैल राहिला तर त्या नगण्य पत्र्यातून निघणारी धडधड मुख्य बेअरिंगच्या धडधडीशी सहज स्पर्धा करते. क्लचचा पेडल दाबल्यावर आवाज बदलला तर दोष क्लच-गिअरबॉक्सकडे किंवा क्रँकच्या पुढेमागे सरकण्यात शोधावा, हेही येथेच सांगितले पाहिजे. बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे जावे, असा तपासाचा क्रम कोणताही जुना मेस्त्री सांगेल. मालकाची कल्पनाशक्ती मात्र थेट क्रँकपासून सुरू होते आणि पत्र्यापर्यंत पोहोचता पोहोचता थकते.

अर्थात कधी कधी दोष खरोखरच पोटात असतो. अनेक इंजिनांत गजन पिनचे भोक पिस्टनच्या अगदी मध्यावर नसते. ते जरासे एका बाजूला ठेवलेले असते, म्हणजे पिस्टन भिंतीवर आपटण्याऐवजी अलगद टेकतो. असा पिस्टन उलटा बसविला गेला तर शांततेसाठी केलेली ही योजनाच आवाज करू लागते. उलटा बसू नये म्हणून कारखानदार पिस्टनच्या माथ्यावर बाण कोरतो आणि त्याचे तोंड इंजिनाच्या पुढच्या बाजूला असावे अशी अपेक्षा ठेवतो. हा बाण हेड बसविल्यावर कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, आणि गाडी आवाज करू लागल्यावर सर्वांना एकाच वेळी आठवतो. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांची अदलाबदल होणे, किंवा बोअर करताना हात सढळ चालणे, हेही प्रकार घडतात. अशा वेळी जबाबदारीचे एक वर्तुळ तयार होते. मेस्त्री लेथवाल्याकडे बोट दाखवितात, लेथवाला पिस्टन विकणाऱ्या दुकानदाराकडे, दुकानदार ‘आजकाल माल असाच येतो’ म्हणून काळाकडे, आणि सरतेशेवटी तिघेही एकमताने मालकाकडे वळून विचारतात की, साहेब, रनिंग-इनमध्ये गाडी पळवली तर नाही ना? नवे भाग एकमेकांना रुळेपर्यंतच्या सुरुवातीच्या शेकडो किलोमीटरांत गाडी जपून चालवायची असते, त्या काळाला रनिंग-इन म्हणतात. आपण एकदाही जोरात चालवली नाही असे छातीठोकपणे सांगू शकेल असा मालक सापडणे कठीण, म्हणून हा प्रश्न इतका परिणामकारक ठरतो.

सर्वांत अन्याय होतो तो टॅपेटवर. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात जाणूनबुजून एक बारीक फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. नव्या इंजिनात काही शे किलोमीटरांनंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळले जातात, पॅकिंग दबते आणि ही फट बदलते. तेव्हा ती नव्याने लावावी लागते. झाकण उघडले की आठ रॉकर तेलात न्हालेले दिसतात. इंजिन हाताने थोडेथोडे फिरविण्यासाठी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून इंच-इंच ढकलतात, आणि सोसायटीतील आप्तमंडळींचा हा एकमेव निर्विवाद उपयोग आहे. कोणता व्हॉल्व्ह कधी लावायचा यासाठी नवाचा नियम असतो : पहिला पूर्ण उघडला असेल तर आठवा लावा, तिसरा उघडला असेल तर सहावा, बेरीज नऊ झाली पाहिजे. मग फीलर गेजचे पाते, म्हणजे ठरावीक जाडीची पोलादी पट्टी, फटीत सरकवितात. ते सहज गेले तर फट जास्त, अडले तर कमी, किंचित अडखळत निघाले तर बरोबर. पेचकसाने स्क्रू स्थिर धरून पान्याने लॉकनट आवळला की फट पुन्हा बदलते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. मालक शेजारी उभा राहून ‘जरा टाइट ठेवा, म्हणजे वाजणार नाही’ अशी सूचना करतो, आणि मेस्त्रींना येथे आपली सारी सभ्यता पणाला लावावी लागते. कारण फट जास्त राहिली तर टॅपेट वाजतो, याहून फारसे वाईट काही होत नाही. पण फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, बैठकीला टेकून त्याला उष्णता सोडता येत नाही, आणि तो एक अक्षरही न बोलता जळून जातो.

शोधाची अखेर पुष्कळदा त्या फ्लायव्हीलपुढच्या पत्र्यापाशी होते. बोल्टाखाली एक वॉशर घातला जातो, धडधड थांबते, मेस्त्री पैसे घ्यायला नकार देतात, आणि मालकाच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर थोडी निराशाही दिसते, कारण ज्या संकटासाठी त्याने बँकेतील ठेव मोडण्याची मानसिक तयारी केली होती ते वॉशरने निभावले जावे, हे त्याला आपल्या गाडीच्या प्रतिष्ठेला साजेसे वाटत नाही. हा विषाद फार काळ टिकत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो, हा ध्वनिशास्त्राचा सिद्धांत असून त्याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे : मोठा आवाज गेला की त्याच्यामागे रांगेत उभा असलेला पुढे येतो. धडधड गेल्यावर गिअरबॉक्सची घरघर ऐकू येऊ लागते. ती सरावाची झाली की मागच्या डाव्या दाराची खुळखुळ. मालक पुन्हा गॅरेजात जातो. मेस्त्री या वेळी बॉनेट उघडत नाहीत. ते गाडीत बसून एक फेरी मारतात, नीट ऐकतात आणि उतरताना सांगतात, ‘साहेब, काच वर करून चालवा.’ उपाय नामी असून बाहेरून येणाऱ्या सर्व आवाजांवर गुणकारी आहे. मात्र काचा वर झाल्यावर डॅशबोर्डच्या आतली किरकिर प्रथमच स्पष्ट ऐकू येते, आणि तिच्यासाठी डॅशबोर्ड उघडावा लागतो.